सायरन वाजवत ‘व्हायरस सापडला’ म्हणणारं पान: संगणक बिघडला का?

देवगड_बागायतदार:
नमस्कार मंडळी. हापूसच्या ऑर्डरी आणि हिशेब घरच्या संगणकावर आहेत (विंडोज १०, ४ जीबी रॅम). आज अख्खा स्क्रीन भरून लाल पान आलं, सायरन सुरू, ‘बंद करू नका, या नंबरवर फोन करा’. फुलीच दिसेना. फोन केलेला नाही. अँटिव्हायरस विकत आणावा का?

किनारा_७७:
फोन केला नाहीत हे फार बरं झालं. ते नुसतं वेबपेज आहे, तुमच्या फायलींत काय आहे ते त्याला दिसतही नाही. घात फोनवर होतो: समोरचा एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं ॲप) टाकायला लावतो आणि संगणक त्याच्या हातात जातो. कोणी तसं करून बसलं असेल तर आधी नेट तोडा, मग बँक आणि १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन, आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

आता तुमचं. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा. नाही सुटलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरवर एंड टास्क. पुन्हा उघडताना ‘रिस्टोअर’ विचारलं तर दाबू नका, तेच पान परत येतं. मग क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून परवानगी दिलेल्यांतल्या अनोळखी साइट काढून टाका. कधीतरी ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं.

खात्रीसाठी विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन लावा. संगणक रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं जातात, तेव्हा लाइट जायची चिन्हं असताना नको. वेगळा अँटिव्हायरस घेऊ नका, ४ जीबीवर मशीन रांगायला लागेल.

खाडीपलीकडे:
स्कॅनपेक्षा मोठी अडचण विंडोज १० ची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसत असेल तर आजच करा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जुन्या मशीनवर ते बहुधा नसतं.

आणि ऑर्डरी मेलवर येतात ना? ‘ऑर्डर.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाइल आली तर विंडोज शेवटचे ‘ईएक्सई’ (म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) लपवतं, तुम्हाला पीडीएफच दिसते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू टॅबवर ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक करा. रोजच्या कामाला स्टँडर्ड युजरचं खातं ठेवा. काही इन्स्टॉल व्हायला लागलं की ते बहुतेक वेळा ॲडमिनचा पासवर्ड मागतं, तिथेच सावध होता येतं.

किनारा_७७:
हिशेबाची प्रत राहिलीच. बाहेरची हार्डडिस्क घ्या, आठवड्यातून एकदा कॉपी करा आणि लगेच काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही कुलूप घालतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघा.