तळ्याकाठी पुतळ्यासारखा उभा राहणारा पक्षी कोणता?

गवतफुला:
मंडळी, जरा मदत करा. रोज सकाळी ज्या पार्कात फिरायला जाते तिथे छोटं तळं आहे, गेले चार दिवस तिथे एक राखाडी पक्षी दिसतोय, चांगला माझ्या कमरेएवढा उंच, लांब मान आणि डोक्यामागे काळी शेंडी. पंधरा-वीस मिनिटं हलतच नाही, आधी मला वाटलं कोणी शोभेचा पुतळा आणून ठेवलाय 😄 फोटोसाठी जवळ गेले तर उडालाच. सारस असेल का? आणि अजून एक बारका मातकट पक्षी आहे तो उडाला की एकदम पांढरा होतो, हे काय प्रकरण?

दुर्बीणवाला:
उडताना मान कशी होती ते आठवा. सारस आणि करकोचे मान सरळ ताणून उडतात, बगळे मान दुमडून खांद्यात ओढून घेतात. शेंडीवरून तरी राखी बगळाच वाटतोय. दुसरी ढोकरी, १००%. पंख पांढरे पण पाठ मातकट, बसली की पांढरं सगळं झाकलं जातं, चिखलात दोन हातांवर असली तरी दिसत नाही.

गवतफुला:
हो हो दुमडलेलीच होती, गळ्याखाली फुगवटा दिसला! आता जवळून कसा बघायचा?

बाकावरचा:
जवळ जायचंच नाही. एकाच बाकावर रोज बसा, मोबाईल खिशात, तो आपणहून सरकत येतो. सरळ त्याच्याकडे चालत गेलं की संपलं. मी असाच बसलेलो तेव्हा एकाने अख्खा उंदीर गिळलेला बघितलाय, मासेच खातात हा माझा गैरसमज त्या दिवशी गेला. खंड्या, टिबुकली, पाणकोंबडी, एकदा तर मुंगूससुद्धा, सगळं बसूनच दिसलं, चालताना फक्त कुत्री दिसतात.

गवतफुला:
😂 बरं, अंधार पडताना झाडावरून क्वॉक क्वॉक असा घोगरा आवाज येतो, कावळा तर नाही वाटत.

पाणथळी:
रातबगळा! दिवसभर झाडात झोपा काढतो आणि संध्याकाळी कामावर निघतो. मोठ्याचे डोळे लाल, पाठ काळी. पिल्लं तपकिरी, पंखांवर पांढरे ठिपके, त्यांना लोक हमखास ढोकरी म्हणतात. झाडाखाली विष्ठेचे पांढरे शिंतोडे असतील तर वर नीट बघा, पण घरटी असतील तर खाली उभ्या राहू नका, पिल्लं घाबरली की खाल्लेलं ओकून टाकतात, माझी टोपी गेलीये त्यात. आणि प्लीज मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलवू नका, घरट्यावरचे उठतात उगाच.

गवतफुला:
अपडेट: आज ४० मिनिटं बाकावर. बगळा आलाच नाही, पण टिबुकली दिसली, बुडी मारली की भलतीकडेच वर येते. उद्या टोपी घालून संध्याकाळी जाते.