ट्रान्स्फर केसमध्ये डोळे झाकून 'नव्वद नंबर' ओतू नका

चाकोरीबाहेर:
पुण्यात फोर बाय फोर गाड्या भरपूर झाल्यात, थार, व्ही-क्रॉस, हायलक्स, पावसाळ्यात शनिवारी ताम्हिणीच्या रस्त्याला लागलं की दिसतातच. इंजिन ऑइलवर हे सगळे तासन् तास बोलतील, पण गिअरबॉक्सच्या मागचा जो डबा, म्हणजे ट्रान्स्फर केस, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटून देतो त्याचं नावही कोणी काढत नाही. गॅरेजवाला विचारतो "नव्वद टाकू ना?" आणि आपण हो म्हणतो. नव्वद म्हणजे ९० ग्रेडचं जाड गिअर ऑइल. ही सवय मला मोडायची आहे.
डब्याच्या पोटात काय आहे त्यावर ऑइल ठरतं. जुन्या जीपसारखे नुसते गिअरवर गिअर असतील तर गिअर ऑइल, त्यात वादच नाही. पण बऱ्याच डब्यांत चेन असते, आणि काहींत मागच्या आउटपुट शाफ्टवर फिरणारा छोटा पंप पण असतो, तो तळातलं ऑइल जाळीतून ओढतो आणि शाफ्टच्या आतल्या बारीक भोकांतून बेअरिंगपर्यंत पोचवतो. रँग्लर-चेरोकीमधला एनव्ही-२३१ असाच, त्यात जेमतेम लिटरभर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल ऑइल, लागतं. अशा डब्यात जाड ऑइल घातलं तर गाडी गार असताना पंपाला ते ओढायलाच जड जातं, आणि वरचे भाग तेवढा वेळ कोरडे फिरतात. बाहेरून काही कळत नाही, आवाज तर उलट कमी होतो, म्हणून लोकांना वाटतं बरंच झालं.

जुनी_जीप:
पूर्ण असहमत. महिंद्राने १९४७ पासून इथे विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, त्यातला स्पायसर १८ हा ट्रान्स्फर केस पक्का गिअरवाला, त्यात नव्वदच जायचं आणि अजून जातं. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसमधलं सील गेलं की ऑइल इकडून तिकडे जातं, म्हणून दोन्हीकडे एकच ऑइल ठेवायचं हे नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानातला साधा पोरगाही सांगेल. या गाड्यांनी वेल्ह्याच्या, भोरच्या डोंगरात दगड-वीट-माणसं सगळं वाहिलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला जातो, वर घाटात लोड, त्यात पाण्यासारखं लाल ऑइल घालायचं हे मला पटत नाही. जुन्या सीलमधून ते झिरपतं पण लवकर, आणि झिरपून डबा रिकामा झाला तर मग पुस्तकातला ग्रेड काय कामाचा?

चाकोरीबाहेर:
दादा, स्पायसर १८ बद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर, पण ते स्पायसर १८ बद्दल बरोबर आहे. तोच नियम चेनवाल्या डब्याला लावला की घोळ होतो. सील गळत असेल तर सील बदलायचं, गळतीसाठी ऑइल जाड करणं म्हणजे रोग तसाच ठेवून गोळी बदलणं.
आणि उन्हाचं म्हणाल तर आकडे बघा. ९० ग्रेडचं गिअर ऑइल १०० डिग्रीला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (हे ऑइलच्या जाडपणाचं माप) मध्ये असतं, डेक्स्रॉन-३ जातीचं एटीएफ ७ च्या आसपास. म्हणजे गरम असताना साधारण दुप्पट फरक. ४० डिग्रीला, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातल्या दुपारी गाडी नुसती उभी असताना, तोच फरक तिप्पट-चौपट होतो, आणि जानेवारीत सकाळी पारा १० च्या खाली असतो तेव्हा त्याहून जास्त. पंपाचे हाल तेव्हा होतात, मे महिन्यात नाही.

टॉर्करेंच:
मी मधला मुद्दा मांडतो, कारण "मॅन्युअलमध्ये लिहिलंय" एवढ्याने पण माझं समाधान होत नाही. कंपन्या गेली कित्येक वर्षं सगळीकडेच ऑइल पातळ करत चालल्यात, टोयोटाच्या काही नव्या ट्रान्स्फर केसला ७५डब्ल्यू-९० ऐवजी नुसतं ७५डब्ल्यू सांगतात, आणि त्यामागे मायलेज आणि प्रदूषणाचे नियम आहेत हे उघड आहे. पातळ ऑइल ढवळायला कमी ताकद लागते, तेवढंच डिझेल वाचतं. म्हणजे मॅन्युअलमधला ग्रेड हा डब्याच्या आयुष्यासाठी सगळ्यात चांगला असेलच असं नाही. माझ्यासारखा माणूस, जो ट्रेलर ओढतो आणि फोर लोमध्ये (कमी वेग, जास्त ताकद) तासभर चढ चढतो, त्याने एक पायरी जाड का घालू नये?

चाकोरीबाहेर:
हा प्रश्न खरंच चांगला आहे. गिअरवाला डबा असेल, मूळचं ऑइल गिअर ऑइलच असेल, आणि काम खरंच जड असेल तर एक पायरी वर जाण्याला माझा विरोध नाही. पण एटीएफवरून नव्वदवर जाणं ही एक पायरी नाही, ती वेगळ्या जातीची वस्तू आहे. एटीएफमध्ये घर्षण ठरवणारी केमिकल्स असतात, आणि ज्या डब्यात क्लच प्लेट आहेत तिथे सगळं त्याच्यावर चालतं. जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या काही पिकअपमध्ये 'ऑटो' मोडवाले, म्हणजे गरज पडली की आपोआप पुढच्या चाकांना ताकद देणारे डबे आहेत, त्यांना ऑटो-ट्रॅक २ नावाचं निळं ऑइलच लागतं, लाल डेक्स्रॉन पण चालत नाही. तिथे नव्वद घातलं तर प्लेटा नीट पकडणारच नाहीत.

खडकवाडी:
गिअर ऑइलच्या डब्यावर दर्जा लिहितात तो जीएल-४ की जीएल-५ हे पण बोला की, माझ्या गॅरेजवाल्याच्या मते ५ हा ४ पेक्षा मोठा म्हणून चांगला.

टॉर्करेंच:
मोठा-लहान असं ते नाहीये. जीएल-५ हे डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरसाठी, तिथे दात एकमेकांवर घसरतात म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचा डोस जीएल-४ च्या जवळपास दुप्पट. तोच गंधक तापल्यावर पितळ-काशाला खातो, आणि सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी), बुश याच धातूंचे असतात. जीएल-५ ला पण धातू खातं का हे बघणारी तांब्याच्या पट्टीची टेस्ट पास करावी लागते हे मला माहितीये, आताची बरीच जीएल-५ पूर्वीइतकी कडक राहिली नाहीत, तरी जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे मी जीएल-४ च घालणार.

जुनी_जीप:
ह्याला माझा पाठिंबा. आणि एक राहिलं, नाना पेठेत लाल डब्यावर 'डेक्स्रॉन-३' लिहिलेलं दिसलं की लोक उचलतात. जनरल मोटर्सने त्याचं लायसन्स देणं २००६ च्या शेवटी बंद केलंय, त्यांच्याकडून डेक्स्रॉन-६ आलं. म्हणजे आता त्या नावाखाली जे मिळतं ते ज्याच्या त्याच्या भरवशावर. तुमच्या एटीएफवर माझा विश्वास नाही त्याचं हे एक कारण आहे. नव्वदच्या डब्यात काय आहे ते मला कळतं.

चाकोरीबाहेर:
म्हणून नावाजलेल्या कंपनीचं घ्यायचं आणि डब्यामागे तुमच्या मॅन्युअलमधला स्पेक लिहिलाय का ते वाचायचं. लिटर-दोन लिटरचा तर मामला आहे, ह्यात वाचवून किती वाचणार?

मुळशीची_सून:
ग्रेडवर एवढं बोलताय पण आमच्याकडे डबे मरतात ते पाण्याने. दिवसभर तापलेली गाडी ओढ्यात घातली की डबा एकदम गार होतो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे डब्याची हवा आत-बाहेर जायची नळी, चिखलाने बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी आत ओढते. मग ऑइल दुधाच्या चहासारखं होतं, आणि ते एटीएफ असो की नव्वद, बेअरिंग गंजायचं ते गंजतं. पावसाळ्यात पाण्यात गाडी घातली असेल तर पुढच्याच आठवड्यात ड्रेन प्लग सोडून बघा, किलोमीटर मोजत बसू नका. ब्रीदरचा पाइप बोनेटपर्यंत उंच नेणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर लिव्हर फोर हायमधून निघत नाही म्हणून ऑइलला दोष देणारे पण बघितलेत, पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरजेपुरतीच चारही चाकांवर चालवायची गाडी) कोरड्या रस्त्यावर चारही चाकांवर चालवली की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांत ताणून बसतात, थोडं रिव्हर्स घ्या, निघतो. तरी अडत असेल तर पुढचे-मागचे टायर एका मापाचे आहेत का ते बघा.

खडकवाडी:
हे सगळं ठीक, पण माझी पिकअप सेकंडहँड आहे, मॅन्युअल मिळालंच नाही, आणि काढलेलं ऑइल काळपट, लाल होतं की सोनेरी ते ओळखू येत नाही. आधीच्या मालकाने काय घातलंय देव जाणे.

चाकोरीबाहेर:
आधीच्या मालकाने घातलेल्या ऑइलवरून ठरवूच नका. डब्याच्या मागच्या अर्ध्या भागावर बहुतेक वेळा टॅग असतो, माती घासून काढा, त्यावरून मॉडेल कळेल, आणि मॉडेल कळलं की आत चेन आहे, पंप आहे, क्लच आहे का ते शोधता येतं. आणि काम करताना आधी वरचा फिलर प्लग सोडवा, तो सुटला तरच खालचा ड्रेन सोडा. फिलर जाम निघाला आणि ऑइल आधीच खाली ओतलेलं असलं तर गाडी गॅरेजपर्यंत न्यायची कशी? भरताना सपाट जागेवर, फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत.

जुनी_जीप:
चेन निघाली तर एटीएफ घाल बाबा, मी अडवत नाही. गिअर निघाले तर नव्वद जीएल-४, आणि ह्यांच्या पातळ ऑइलच्या गोष्टी ऐकू नकोस.

खडकवाडी:
टॅग सापडला, नंबर अर्धा गंजलाय. रविवारी वायर ब्रशने साफ करून फोटो टाकतो, तोपर्यंत फिलरच्या बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवलाय.