भाडं परवडतंय, पण पैसे कुठून येतात? मुंबईत घर शोधतानाचे अनुभव

गवतीचहा

मुंबईत भाड्याचं घर नाकारायची नेहमीची कारणं सगळ्यांना पाठ आहेत: आडनाव, धर्म, मासे-मटण, बॅचलर. त्यावर इथे भांडून झालंय, पुन्हा नको. हा धागा दुसऱ्या नकारासाठी काढलाय. डिपॉझिट तयार आहे, भाडं जमतंय, घर पसंत आहे, मालकही गोड बोलतोय. मग तो विचारतो, "काम काय करता? पगार कुठे जमा होतो?" आणि दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन येतो की मालकाच्या भाच्याला घर हवंय म्हणे. मुंबईतल्या घरमालकांना इतके भाचे कुठून मिळतात कोण जाणे.

कंत्राटी, रोजंदारी, कलाकार, पेन्शन किंवा पोटगीवर चालणारी घरं, बिल्डरच्या भाड्यावर बाहेर पडलेली कुटुंबं, सगळ्यांनी लिहा. घर देणाऱ्यांनीही लिहा. बिल्डरचं, सोसायटीचं, एजंटचं नाव टाकू नका.

तिसरी_घंटा

मी मालिकांमध्ये कला विभागात सहायक आहे. आमच्याकडे काम केल्यावर पैसे 90 दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये सेट लावला तर गणपती उरकल्यावर खात्यात रक्कम दिसते. वर्षाचा हिशेब केला तर बँकेतल्या माझ्या मित्रापेक्षा थोडं जास्तच मिळतं. पण स्टेटमेंटमध्ये तीन महिने शुकशुकाट आणि मग एकदम मोठा आकडा. मालाडच्या एका मालकाने ते स्टेटमेंट चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाला, "हे पैसे तुमचेच का?" आयटी रिटर्न दाखवले, टीडीएस कापल्याचं दाखवलं. त्याला हवी होती सॅलरी स्लिप. एजंटने बाहेर आल्यावर सुचवलं की कुणा ओळखीच्या कंपनीची स्लिप बनवून घ्या, सगळे घेतात. खरे कागद नको आणि खोटा चालेल, हा न्याय मला अजून कळलेला नाही.

कुर्ल्याची_पोरगी

बिल्डरच्या भाड्यावर आम्ही आहोत, म्हणून लिहिते.

आमची झोपडपट्टी एसआरएमध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत, गेली. परिशिष्ट-2 मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या यादीत, आईचं नाव आलं तेव्हा वस्तीत पेढे वाटले. मग घर रिकामं करायची नोटीस. संक्रमण शिबिर नाही, त्याऐवजी महिन्याचं भाडं बिल्डर देणार. आता गंमत बघा, एकाच महिन्यात सगळी वस्ती त्याच दोन-तीन गल्ल्यांमध्ये खोल्या शोधायला निघाली, कारण मुलांच्या शाळा, कामाची घरं, रेशन दुकान सगळं तिथेच. आठ हजाराची खोली बारावर गेली. बिल्डरचा आकडा होता तिथेच.

तरी वरचे पैसे आम्ही घालायला तयार होतो. मालक विचारायचे, "भाडं कोण भरणार?" आईने पहिल्या दोन ठिकाणी खरं सांगितलं: बिल्डरचे चेक येतात. चेक ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन फिरायची. एका मालकिणीने चेकवरचं नाव वाचलं, पिशवी परत दिली आणि म्हणाली, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे, ह्याच्यावर नाही. मागच्या वेळी ह्याचेच चेक परत आले, आणि त्या बाईला मी काय घराबाहेर काढणार होते का?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे राग कुणावर काढायचा तेही कळेना. पुनर्विकासासाठी घरं सोडलेल्या गोरेगावच्या पत्राचाळीतल्या 672 कुटुंबांचं भाडं थांबल्यावर काय झालं ते पेपरात सगळ्यांनीच वाचलंय. मालक तेच लक्षात ठेवतात.

तिसऱ्या ठिकाणी आईने पिशवी बाहेरच काढली नाही. भाऊ गॅरेजमध्ये कामाला आहे, तो भरणार असं सांगितलं. खोली मिळाली. दीडच वर्षात बिल्डरचं भाडं बंद पडलं आणि खरोखरच भाऊ भरतोय.

गवतीचहा

@कुर्ल्याची_पोरगी, एसआरएचं 2023 चं परिपत्रक माहीत असेलच: विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे. तुमची योजना त्याआधीची का?

कुर्ल्याची_पोरगी

आधीची. थकलेल्या भाड्यासाठी एसआरएच्या वांद्र्याच्या ऑफिसात अर्ज दिलाय. पुढच्या लोकांना फायदा झाला तर बरंच आहे. पण आगाऊ भाडं जमा असलं तरी खोलीमालकाला ते कोण समजावणार? त्याला बिल्डर म्हटलं की बिल्डरच दिसतो.

साडेदहाची_फास्ट

मी वकील. दादर ते बोरिवली, वकील म्हटल्यावर दार बंद. "वकील, पोलीस, पत्रकार सोडून कुणीही आणा" असं एका मालकाने एजंटला माझ्यासमोर फोनवर सांगितलं, स्पीकर चालू होता. उत्पन्नाबद्दल शंका नाही, उद्या घर सोडणार नाही ही भीती. शेवटी कोर्टातल्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी जागा दिली. ते म्हणाले, तुमच्यासारखे आयुष्यभर पाहिलेत, कायदा तुम्हाला किती येतो ते मला ठाऊक आहे.

आता वाचणाऱ्यांच्या कामाचं. राज्यघटनेचं कलम 15(2) दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांबद्दल बोलतं, खासगी घर भाड्याने देण्याबद्दल नाही, आणि त्यातली कारणंही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढीच. व्यवसाय किंवा उत्पन्नाचा मार्ग त्यात नाहीच. 2005 मध्ये पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवण्याचा उपविधीही (संस्थेचा नियम) मान्य केला. म्हणजे नकाराच्या क्षणी हातात धरायला जवळजवळ काही नाही.

जे आहे ते दार उघडल्यानंतरचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. त्यामुळे "अकरा महिन्यांचं नोटरी करून टाकू" म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. सोसायटीच्या कमिटीची एनओसी हे दुसरं खूळ. आदर्श उपविधींनुसार सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. भाडेकरू "कलाकार आहे म्हणून" ते वाढवणं तर दूरच.

अबोली

माझं उत्पन्न पोटगीचं, आणि घरी शिकवण्या. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश आहे, रक्कम दर महिन्याला खात्यात येते, आजवर चुकलेली नाही. ठाण्याहून मुलीच्या शाळेजवळ मुलुंडला घर हवं होतं.

एजंट म्हणाला, मालकाला काहीतरी कागद लागेल. मी आदेशाची प्रत दिली, फक्त रकमेचं पान. त्याने लिफ्टमध्येच ते उघडलं आणि मोठ्याने आकडा वाचला. लिफ्टमध्ये दोन बायका भाजी घेऊन उभ्या होत्या. वर पोहोचेपर्यंत माझी सगळी कुंडली चौथ्या मजल्याला कळली असणार. मालकीणबाईंनी चहा दिला, मुलीला बिस्कीट दिलं आणि विचारलं, "त्यांनी उद्या देणं बंद केलं तर?" मी म्हटलं, बँकेने उद्या कुणाला काढलं तर? त्यावर त्या म्हणाल्या, "तसं नाही हो, पण एकटी बाई..." म्हणजे चिंता पोटगीची नव्हतीच, ती फक्त बोलायला सोयीची होती.

माझ्या मते या धाग्यावरच्या अर्ध्या नकारांचं हेच आहे. उत्पन्न विचारलं की सभ्य वाटतं.

परभणी_टू_पवई

मी डिलिव्हरी करतो. मालकाला ॲपमधलं दर आठवड्याचं पेमेंट दाखवलं, त्याला कंपनीचं लेटर पाहिजे. कंपनी म्हणते तू पार्टनर आहेस, नोकर नाही, लेटर देत नाही. आता मी पार्टनर असून मला खोली मिळंना. चौघं जण मिळून चाळीत राहतो, करार एकाच्याच नावावर. तो आयटीआय करून फॅक्टरीत लागलाय, त्याची स्लिप चालली. तो गावाकडं गेला तर आमचं काय ते बघू.

मुलुंडचा_काका

घर देणाऱ्यांनीही लिहा म्हटलंय म्हणून लिहितो. शिव्या खायची तयारी आहे.

मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो. पेन्शन नाही. वन बीएचके भाड्याने दिलाय, त्यावरच आम्हा दोघांची औषधं आणि किराणा. म्हणजे माझं उत्पन्नच तुमचं भाडं. पूर्वी एका होतकरू फोटोग्राफरला दिला होता. माणूस सोन्यासारखा, पण लग्नाचा सिझन संपला की भाडं नाही. "काका, पुढच्या महिन्यात." डिपॉझिट संपलं, नंतरचे तीन महिने बुडाले. कोर्टात जायची माझी ताकद नव्हती. आता मी पगारदारच बघतो. बँकवाला असेल तर तीन महिन्यांचं डिपॉझिट घेतो आणि निश्चिंत झोपतो. ह्यात भेदभाव कसला, सांगा.

साडेदहाची_फास्ट

काका, मुदत संपल्यावरही राहिला तर त्याच भाडे कायद्याचं कलम 24 आहे: सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई. मधल्या थकबाकीसाठी करारातच कलम घाला. एका फोटोग्राफरची शिक्षा सगळ्या बिनपगारींना का?

एडिसनवाली

मी न्यू जर्सीत असते, मूळची गिरगावची. काकांचाच प्रश्न इथले घरमालक विचारतात. इथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सेक्शन 8 चं व्हाउचर मिळतं, भाड्याचा मोठा भाग सरकारी गृहनिर्माण संस्था थेट मालकाला देते. घर देताना भेदभाव नको म्हणणाऱ्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात उत्पन्नाच्या मार्गाचा उल्लेख नाही, पण न्यू जर्सीच्या राज्य कायद्यात आहे: पैसे वैध असले तर ते व्हाउचरचे आहेत म्हणून घर नाकारता येत नाही. कॅलिफोर्नियात 2020 पासून व्हाउचरलाही संरक्षण आहे, आणि ऐपत मोजायची ती भाडेकरूने स्वतःच्या खिशातून भरायच्या हिश्श्यावर, पूर्ण भाड्यावर नाही. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मालक थकबाकीची चौकशी करू शकतो, आधीच्या मालकाला फोन करू शकतो. तरी "फ्लॅट नुकताच गेला" इथेही ऐकू येतं. तुमच्याकडे भाचा, इथे "दुसरा अर्ज आधी आला".

रातराणी_नव्हे

मी ऑर्केस्ट्रात गाते. लग्न, गणपती, पूर्वी बारमध्येही. 2005 च्या डान्सबार बंदीनंतर आमच्यासारख्या नुसत्या गाणाऱ्यांकडेही लोक त्याच नजरेने बघायला लागले, ते आजतागायत. एजंट सरळ म्हणतो, "मॅडम, म्युझिक टीचर सांगा." सांगितलं. घर मिळालं. महिन्याभरात सोसायटीची चिठ्ठी: रात्री 11 नंतर ये-जा नको. त्याच जिन्यात एक विमान कंपनीतली मुलगी पहाटे तीनला ट्रॉली बॅग खडखडवत येते, तिला वॉचमन सलाम ठोकतो. तिची रात्र पगाराची, माझी पाकिटाची. मी चिठ्ठीला लेखी उत्तर दिलं, कार्यक्रमाची पत्रिका जोडून, आणि अजून तिथेच राहते.

सुरमई

आई मासळी विकते. भाऊच्या धक्क्यावरून माल, रोखीचा धंदा, स्लिप कुठली? मालक म्हणाला वास येतो. आम्ही घरात मासे ठेवत नाही म्हटलं तर म्हणाला, नोटांना येतो. आईने जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

गवतीचहा

@सुरमई, आईंना दंडवत.

तिसरी_घंटा

@मुलुंडचा_काका, तुमचा फ्लॅट सध्या रिकामा आहे का? तीन वर्षांचे आयटी रिटर्न आहेत. आधीच्या दोन्ही मालकांचे नंबर देतो, एकही महिना थकलेला नाही. पेमेंट 90 दिवसांनी येतं म्हणून तीन महिन्यांचं भाडं नेहमी बाजूला असतं, ते आगाऊ देऊ शकतो.

मुलुंडचा_काका

पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. निरोप पाठवलाय, रविवारी या. नोंदणीकृत करार करू. डिपॉझिट सहा महिन्यांचं.

अबोली

काका, वर बँकवाल्याला तीन लिहिलंय.