स्कॉटलंड: एकदा ‘नाही’ म्हटलं म्हणजे कायमचंच का?

लीथकर
२०११ पासून एडिंबरात आहे. आलो तेव्हा कंपनीच्या व्हिसावर, पासपोर्ट भारताचाच. तरी १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडच्या सार्वमतात मी मत दिलं, कारण राष्ट्रकुल देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना मताधिकार होता. चर्चच्या हॉलमध्ये केंद्र. नाव-पत्ता सांगितला, ओळखपत्र कुणी मागितलं नाही, बोटाला शाई नाही, फुली मारायला दोरीला बांधलेली पेन्सिल. प्रश्न एका ओळीचा: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? मी ‘नाही’वर फुली मारली. शेजारी राहणाऱ्या पोलिश बाईंनीही ‘नाही’च. ‘वेगळे झालात तर युरोपीय संघाबाहेर पडाल’ असा प्रचार चालला होता, आणि त्यांना नेमकी तीच धास्ती होती. निकाल ५५.३ विरुद्ध ४४.७.

मग आलं २३ जून २०१६. ब्रिटनने संघात राहायचं की नाही? मला पुन्हा मत. बाईंना मात्र नाही! ज्यांचं बिऱ्हाड पणाला लागलेलं त्या घरात बसून, आणि मी पुण्याचा माणूस फुली मारून आलो. स्कॉटलंडने ६२ टक्के ‘राहू’ म्हटलं, ३२ पैकी ३२ विभागांत. एकूण देश ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडला. पुढे बाईंना इथे राहण्याच्या हक्कासाठी रीतसर अर्ज करावा लागला.

मुद्दा एवढाच: २०१४ चा ‘नाही’ ज्या घराला होता त्या घराची भिंत न विचारता पाडली. मग पुन्हा विचारायला नको? पण २३ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय होलिरूडला (एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेला) सार्वमत घेता येणार नाही. इंग्लंडशी असलेली ही युनियन स्वखुशीची म्हणतात, पण दाराची किल्ली एकाच्याच कनवटीला.

आडकित्ता
शेजारीणबाईंबद्दल वाईट वाटलं, पण शेजारीण म्हणजे घटनाशास्त्र नव्हे.

ब्रेक्झिटमधून तुम्ही उलटा धडा घेताय. १९७३ ते २०२० ही ४७ वर्षांची गाठ सोडवताना साडेतीन वर्षं गेली आणि दोन पंतप्रधान घरी बसले. इथली इंग्लंड-स्कॉटलंडची गाठ १७०७ ची. स्कॉटलंडचा निम्म्याहून जास्त व्यापार उरलेल्या ब्रिटनशीच आहे. उद्या ते युरोपीय संघात गेले की मालाची तपासणी कुठे करणार? सीमेवरच्या ग्रेट्ना ग्रीनला? पळून जाऊन लग्न करणाऱ्यांच्या गावात जकात नाका, बरं दिसेल! चलनाचं तर विचारूच नका. २०१४ मध्ये स्वातंत्र्यवाल्यांचे नेते सॅमंड म्हणत होते पौंड दोघांत वापरू, ब्रिटनचे अर्थमंत्री ऑस्बोर्ननी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. शेवटपर्यंत सॅमंडांकडे धड उत्तर नव्हतं.

आणि स्वातंत्र्याची मागणी करणारा पक्ष (एसएनपी) २०२४ मध्ये ४८ वरून ९ खासदारांवर आलाय.

लीथकर
@आडकित्ता, ९ जागा आल्या तरी मतं ३० टक्के आहेत. २०१५ मध्ये ५९ पैकी ५६ जागा आल्या तेव्हा तुम्ही ‘हा जनादेश’ म्हणाला होतात का? जागा मोजायच्या तर दोन्ही वेळा मोजा.

म्हापशाची मिरची
दोघेही थांबा. जागांवरून सार्वमताचा कौल काढता येत नाही, हे आम्हा गोंयकारांना विचारा.

१६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश राहायचं तर दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. विलीनीकरणवाले बांदोडकर त्याआधी मुख्यमंत्रिपद सोडून बसले होते. आणि लगेच दोन-तीन महिन्यांत निवडणूक झाली तर लोकांनी कुणाला निवडलं? बांदोडकरांनाच! म्हणजे विलीनीकरण नको, पण विलीनीकरणवाला मुख्यमंत्री हवा. लोक पक्षाला रस्त्यांसाठी, शाळांसाठी, जातीसाठी, काय काय कारणांनी मत देतात. म्हणून ५६ ही पुरावा नाही आणि ९ ही नाही.

आमचे आजोबा तेव्हा मुंबईत गिरगावात, कुडावर (गोंयकारांच्या क्लबात, म्हणजे सामायिक बिऱ्हाडात) राहायचे. कट्टर दोन पानांवाले. त्यांना मत नव्हतं, कारण गोव्यात राहणाऱ्यांनीच मत द्यायचं असं ठरलेलं. मरेपर्यंत चिडून होते. २०१४ मध्ये ग्लासगोत जन्मून लंडनला नोकरी करणाऱ्यांचं तेच झालं, आणि लीथकरांना मात्र मत! (राग नाही हो, गंमत.)

गोव्याचा प्रश्न घरात राहून कुठल्या खोलीत झोपायचं असा होता, घर सोडायचा नव्हता, हे मान्य. पण तो परत कुणाला विचारावासा वाटला नाही, १९८७ ला राज्यही झालं. कारण जिंकल्यावर दिल्लीने मागून काही बदललं नाही. त्यामुळे माझं मत लीथकरांकडे झुकतं.

रिकामटेकडा
पुन्हा विचारा, पण ५० अधिक एक मतावर देश मोडू नका. २००६ मध्ये सर्बियापासून वेगळं व्हायला माँटेनेग्रोला ५५ टक्क्यांची अट होती, ५५.५ मिळाले, प्रश्न मिटला. कॅनडापासून वेगळं व्हायला क्युबेकमध्ये १९९५ ला ५०.५८ टक्के ‘नाही’. इकडचं तिकडे झालं असतं तर?

लीथकर
अटींचं स्कॉटलंडला शिकवू नका. १९७९ मध्ये स्वतःच्या विधानसभेसाठी मत घेतलं, ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले. तरी विधानसभा मिळाली नाही, कारण एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी ‘हो’ म्हणायला हवं अशी अट घातलेली. घरी बसलेला माणूस आपोआप ‘नाही’त जमा. मग थेट १९९७ ला दुसरं मत आणि १९९९ ला संसद. ब्रेक्झिटला अशी एकही अट नव्हती.

आडकित्ता
हे पटलं. ब्रेक्झिटलाही ५५ ची अट हवीच होती. पण ती चूक झाली म्हणून तीच दुसऱ्यांदा करायची?

सातासमुद्रापार
उत्तर आयर्लंड कुणी काढलंच नाही. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने तिथे दार लेखी ठेवलंय: बहुमत आयर्लंडशी एकीकरणाच्या बाजूला झुकल्याची शक्यता दिसली तर ब्रिटनच्या मंत्र्याने मतदान घ्यायचंच, आणि दोन मतदानांत किमान सात वर्षांचं अंतर. एकाच राज्यात एका भावाच्या खोलीला दार, दुसऱ्याला नुसती खिडकी. आडकित्ता, याचं काय?

आडकित्ता
तिथे तीस वर्षं माणसं मरत होती. तो शांतता करार आहे, तुलना करू नका.

लीथकर
म्हणजे मतपेटीने मागितलं तर दार नाही, बाँब फुटले तर दार? बोलण्याआधी एकदा स्वतःचं वाक्य वाचून बघा.

आडकित्ता
तसं म्हणायचं नव्हतं. बरं, लेखी नियम हवा, सात वर्षं नाही तर पंधरा, पण हवा, इथवर येतो मी. आता तुम्ही सांगा, उद्या पेन्सिल हातात आली तर फुली कुठे?

लीथकर
घराचं कर्ज पौंडांत आहे आणि चौदा वर्षं फेडायचंय. ‘पुन्हा विचारा’ म्हणतोय, ‘हो म्हणा’ कधी म्हटलं?