डॅशबोर्ड बनवला पण साईटवर कुणी ढुंकूनही बघत नाही, नक्की काय दाखवायचं?

लेव्हलट्यूब:
नमस्कार मंडळी, मी प्लॅनिंगला आहे. 14 मजल्यांची बिल्डिंग, आरसीसी (काँक्रीटचा सांगाडा) संपत आलंय आणि आता ब्लॉकवर्क, प्लास्टर, प्लंबिंग, टाइल्स सगळं एकमेकांच्या पाठीला लागलंय. तीन आठवडे खपून पॉवर बीआयमध्ये डॅशबोर्ड केला, एस-कर्व्ह (एकूण काम किती झालं त्याची चढती रेघ), डोनट चार्ट, एसपीआयचा (प्लॅनच्या मानाने काम किती झालं त्या आकड्याचा) काटा, सगळं. साहेब लोक खूश. पण सुपरवायझर बघतसुद्धा नाहीत, एक जण तर म्हणाला, "मॅडम, हा काटा बघून उद्या गँग कुठं लावू तेवढं सांगा", आणि खरं सांगते, मला उत्तर आलं नाही. प्रिमाव्हेरा या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमधला बार चार्ट (प्रत्येक कामाला तारखांवर एक आडवी पट्टी) लावावा तर 900 ॲक्टिव्हिटी, ए3 वर नुसत्या मुंग्या. त्यात प्लास्टर तीन आठवडे झाले 90 टक्क्यांवरच अडकलंय. काय करू?

ओळंबा:
ताई, सुपरवायझर बरोबर बोलला. बार चार्टमध्ये काम कधी ते दिसतं, कुठे ते दिसत नाही. मजल्यामागून मजला तेच काम असेल तर लाइन ऑफ बॅलन्स काढा, ही पद्धत 1940 च्या दशकात गुडइयरमध्ये फॅक्टरीसाठी निघाली पण बिल्डिंगला अगदी फिट बसते. आडवे दिवस, उभे मजले, प्रत्येक गँगची एक तिरकी रेघ. रेघ जेवढी उभी तेवढी गँग जलद.

उदाहरण घ्या. ब्लॉकवर्कला मजल्याला 6 दिवस, प्लास्टरला 4. पहिल्या मजल्याचं ब्लॉकवर्क झालं की सगळे घाई करून 6 दिवस संपताच प्लास्टरवाला घुसवतात. मग तो प्रत्येक मजल्यावर 2 दिवस हात चोळत बसतो, वरच्या 13 मजल्यांचे मिळून 26 दिवस. त्याऐवजी त्याला 32 दिवस संपल्यावर आणला तर तो एकदाही न थांबता वर जातो आणि संपतं कधी, तर दोन्ही वेळा 88 व्या दिवशीच! बार चार्टवर हे 26 दिवस शोधून दाखवा बरं. आणि प्रत्यक्षात तो रिकामा बसत नाही हो, गँग दुसऱ्या साईटवर नेतो आणि मग फोन उचलत नाही. अर्थात ब्लॉकवर्कच एक गँग वाढवून 4 दिवसांवर आणता आलं तर अख्खं कामच लवकर संपेल, पण तेही रेघा शेजारी शेजारी ठेवल्यावरच सुचतं.

सेंट्रिंगवाला:
आमच्याकडे सॉफ्टवेअर नाही, एक्सेल आणि भिंत. उभे मजले, आडवी कामं, चौकट रंगवायची: सुरू, झालं, क्यूसी (दर्जा तपासणी) पास. रोज संध्याकाळी सुपरवायझरने स्वतः स्केचपेनने रंगवायची, हे महत्त्वाचं, कारण स्वतः रंगवलेलं माणूस बघतो. एक पांढरी चौकट मध्येच राहिली की खालून वरून सगळे विचारतात इथं काय झालं, तेव्हा कळतं की डक्टचं कोअर कटिंग (पाइपसाठी भोक पाडणं) राहिलंय. फक्त लाल-हिरव्यावर भागवू नका, पुष्कळ पुरुषांना तो फरकच कळत नाही आणि ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स काढली की दोन्ही सारखेच राखाडी. एकात तिरप्या रेघा मारा.

आणि ते 90 टक्के सोडा. टक्का म्हणजे अंदाज. आम्ही नियम केला, चौकटीला शून्य नाहीतर शंभर, मध्ये काही नाही. पहिल्या आठवड्यात आमचं प्लास्टर 90 वरून धाडकन खाली आलं (आणि माझ्यावर ओरडाआरडा झाला) पण त्यानंतर आकडा खरा बोलायला लागला. चौकट लहान ठेवा फक्त, फ्लॅटवार, नाहीतर आठवडाभर शून्यच दिसेल.

एमबीवाला:
वरचं सगळं मान्य, पण एस-कर्व्ह साहेबांसाठी लागणारच, फक्त तो कशावर काढलाय ते तपासा. बिलाच्या रकमेवर असेल तर साईटवर टाइल्सचा माल येऊन पडला की कर्व्ह उडी मारतो, एक टाइल न बसवता! माल वेगळा काढा.

दुसरं, एसपीआय म्हणजे झालेल्या कामाची किंमत भागिले ठरलेल्या कामाची किंमत. काम कितीही उशिरा संपो, शेवटी दोन्ही सारखे, म्हणजे एसपीआय 1. सहा महिने लेट प्रोजेक्टचा काटाही शेवटी हिरव्यात जातो, हसावं की रडावं. म्हणून 2003 मध्ये वॉल्ट लिपके यांनी अर्न्ड शेड्यूल मांडलं, त्यात पैशाऐवजी वेळ मोजतात. 10 महिने झाले आणि आज जेवढं काम झालंय ते प्लॅनप्रमाणे 8 व्या महिन्यातच व्हायला हवं होतं, तर 8 भागिले 10, म्हणजे 0.8. "आपण दोन महिने मागे आहोत" हे वाक्य साहेबांना काट्यापेक्षा लवकर कळतं.

लेव्हलट्यूब:
सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री बसून फक्त चार कामांच्या रेघा एक्सेलच्या स्कॅटर चार्टमध्ये टाकल्या. टॉयलेटच्या प्लंबिंग टेस्टिंगची रेघ इतकी आडवी आहे की टाइल्सची रेघ तिला 5 व्या मजल्यावरच कापून जाते, म्हणजे तिथून पुढे टाइल्सवाले टेस्टिंगच्या आधी पोचणार आणि नंतर गळती निघाली की फोडाफोडी. 900 ॲक्टिव्हिटीत हे माझ्याच नजरेतून सुटलं होतं. सकाळी प्रिंट लावली तर प्लंबिंगचा सुपरवायझर स्वतःहून म्हणाला की टेस्टिंग पंप एकच आहे, दुसरा द्या.

ओळंबा:
झकास! लिफ्ट, शाफ्ट आणि बाहेरचं प्लास्टर मात्र या रेघांत कोंबू नका, बाहेरचं वरून खाली येतं आणि शाफ्ट मजल्याच्या हिशोबाने चालत नाही. त्यांना खाली वेगळी पट्टी द्या. आणि दुसरा पंप आला की टेस्टिंगची रेघ परत काढा, मजल्याला किती दिवस लागतात ते पहिले दोन मजले मोजून मगच.