उंड्रीत आईसाठी टेरेसवर पाम लावायचे आहेत, एरिकाची पानं जळतायत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा फ्लॅट पुण्यात उंड्रीला, सहाव्या मजल्यावर. पश्चिमेकडे उघडणारी अठरा बाय दहाची टेरेस आहे. दिवाळीपासून आई आमच्याकडे राहायला आली. तिचा सगळा जन्म गुहागरला माडा-पोफळींच्या वाडीत गेला. इथे ती कशाचीच तक्रार करत नाही, पण एका संध्याकाळी टेरेसमध्ये बसल्या बसल्या म्हणाली, "वारा आहे, पण त्याला आवाज नाही गो." तेव्हापासून मनात घेतलंय की तिच्या खुर्चीजवळ झावळ्या हलल्या पाहिजेत.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून हुरूप आला आणि पुढच्याच रविवारी सोलापूर रोडवरच्या एका नर्सरीतून पाच-पाच फुटांचे चार एरिका पाम आणले. "कुठेही ठेवा, काही होत नाही," असं सांगितलं होतं. होळीपर्यंत छान होते. आता पानांची टोकं तपकिरी झालीत, बोटांत धरली की चुरा होतो. कठड्याजवळच्या दोघांच्या पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे आहेत. भिंतीकडचे दोन जरा बरे. मार्चपासून सोसायटीत टँकरचं पाणी आहे, तेच रोज सकाळी थोडं थोडं घालते. कुंडीच्या काठावर पांढरी पूड साचते. पुसली तरी चार दिवसांत परत येते.

हे वाचतील का? आणि त्या उन्हात टिकेल, वाऱ्यात वाजेल असा पाम कोणता? नर्सरीवाले सॅगो पाम सुचवतायत. घरात दीड वर्षाची कुत्री आहे, तिला कुंडीतलं काहीही चघळायची सवय आहे. शिवाय कंपाउंडलगतच्या चाळीस फुटी पट्ट्यात रॉयल पाम लावायचं सोसायटीत चाललंय, पार्किंग अगदी त्याला लागून आहे. त्याबद्दलही सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी सॅगोचं. तो अजिबात आणू नका. तो पाम नव्हेच, सायकस आहे. त्याचे सगळेच भाग कुत्र्यांना विषारी, बिया सर्वांत जास्त. यकृत निकामी होऊन कुत्री दगावतात. एरिकाचं तसं भय नाही.

तुमच्या झाडांना दोन वेगळे त्रास आहेत. चट्टे उन्हाचे. नर्सरीत हे पाम शेडनेटखाली वाढतात, ते थेट पश्चिमेच्या उन्हात आले की पान भाजतं. भाजलेला भाग परत हिरवा होत नाही, पण नवीन पान चांगलं येईल. चौघांनाही भिंतीकडे घ्या, दुपारपुरती नेट बांधा. टोकं मात्र बहुधा पाण्याने जळतायत. ती पांढरी पूड म्हणजे जड पाण्यातले क्षार. रोज थोडं पाणी घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार मुळांशी साठत जातात. त्यापेक्षा वरची दोन इंच माती सुकू द्या, मग खालच्या भोकातून धो धो वाहेपर्यंत घाला. महिन्यातून एकदा असं लागोपाठ तीन-चार वेळा करून माती धुऊन काढा. ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका. जूनमध्ये पाऊस लागला की कुंड्या उघड्यावर ठेवा, त्या पाण्यासारखं औषध नाही.

वाळलेली टोकं कापताना तपकिरी रेघ राखा, हिरव्यात कात्री घालू नका. आणि मधला शेंडा कधीच छाटू नका. एरिकाला बुंध्यातून बाकीचे फुटवे तरी असतात, एकखोडी पाम शेंडा गेला की संपतो.

रॉयल पामला माझा विरोध आहे. वीस मीटरच्या वर जातो, त्याची एक झावळ कित्येक किलोंची असते आणि ती आपोआप गळते. खाली गाड्या. त्याऐवजी फॉक्सटेल लावा. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा, साधारण दहा मीटरपर्यंत जातो, एकच खोड, ऊन सोसतो. त्याचीही पानं आपोआप गळतात, पण हलकी असतात. तरी गाड्यांपासून जमेल तेवढा आत घ्या आणि दोन झाडांत आठ-दहा फूट सोडा.

धागाकर्ती

मनापासून आभार! काल एका कुंडीत चार बादल्या ओतल्या. खालून आलेलं पहिलं पाणी चहासारखं होतं, चौथ्या बादलीला निवळलं. आई शेजारी उभी राहून बघत होती. "ही पोफळीसारखी दिसते, पण पोफळ नव्हे," असं तिचं मत पडलं.

आवाजाचं मात्र राहिलं. कुंडीत नारळच लावला तर?

प्रतिसाद

आईंची नजर पक्की आहे. आपली पोफळ हीच खरी एरिका, तुमच्याकडचा पाम मादागास्करचा. दिसायला तसा म्हणून ते नाव चिकटलं.

कोंब आलेला नारळ कुंडीत दोन-तीन वर्षं देखणा दिसतो, पुढे रोडावतो. आवाजासाठी चायना पाम बघा. पंख्यासारखं पान, टोकाला चिरलेलं, त्या चिरट्या खाली लोंबतात आणि एकमेकींवर घासून सळसळतात. सावकाश वाढतो, त्यामुळे कुंडीत बरीच वर्षं निघतात. हळूहळू सवय लावलीत तर उन्हालाही टिकतो. कोवळ्या झाडाच्या देठांना काटे असतात, तेव्हा आईंच्या खुर्चीपासून हातभर लांब ठेवा. बुटका खजूर-पाम नाजूक दिसतो, पण त्याच्या पानांच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात. कुत्रीच्या डोळ्यांच्या उंचीला नको.

कुंडी एकदम मोठी घेऊ नका, आताच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन-तीन इंच रुंद पुरे. पोयटा माती, जाड वाळू, कुजलेलं शेणखत. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच पुरा. ओली माती भरलेली अठरा इंची कुंडी साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते, म्हणून स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत ठेवा.

धागाकर्ती

रविवारी मांजरी गावाकडच्या नर्सरीत जातेय, आईला बरोबर घेऊन. पानं हलवून, आवाज ऐकून कुंडी तीच निवडेल. लावायचं जूनमध्येच, तोवर नेटखाली ठेवते.