‘प्रोफाइल बदलणे’ म्हणजे नेमकं काय करणे?

प्रश्न: फोटो-संपादनावरची एक मार्गदर्शिका मराठीत आणते आहे. त्यात ‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ अशा दोन आज्ञा आहेत. दोन्हींना मी ‘प्रोफाइल बदलणे’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी लाल खूण करून मजकूर परत पाठवला. एवढा फरक आहे का? शिवाय कलर स्पेसला ‘रंगावकाश’ चालेल?

उत्तर: फरक अगदी उलटासुलटा आहे, आणि तो ‘बदलणे’ या क्रियापदामुळेच झाकला जातो. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत साठवलेला असतो. पहिल्या आज्ञेत हे आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. दुसरीत आकडे बदलतात आणि रंग तोच राहतो.

‘शिक्षा’ हा शब्द घ्या. कागदावर एवढीच अक्षरं आहेत. त्यावर ‘मराठी’ अशी चिठ्ठी लावली तर अर्थ दंड, ‘हिंदी’ अशी लावली तर शिक्षण. अक्षराला हात न लावता अर्थ पालटला, हे झालं ‘असाइन’. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आणताना ‘शिक्षण’ लिहिलं, म्हणजे अक्षरं बदलली आणि अर्थ राखला, हे झालं ‘कन्व्हर्ट’. प्रोफाइल म्हणजे ही चिठ्ठी. लाल, हिरवा, निळा (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आरजीबी’) यांचे तीन आकडे कोणत्या रंगावकाशातले म्हणून वाचायचे, हे ती सांगते.

आता प्रत्यक्ष आकडे पाहा. एसआरजीबी आणि अ‍ॅडोबी आरजीबी असे दोन रंगावकाश घेऊ. एसआरजीबीतला पूर्ण हिरवा म्हणजे ०, २५५, ०. त्याचं अ‍ॅडोबी आरजीबीत रूपांतर केलं की आकडे होतात १४४, २५५, ६०, आणि दिसणारा हिरवा तोच राहतो. रूपांतर न करता नुसतं अ‍ॅडोबी आरजीबीचं प्रोफाइल लावलं, तर आकडे ०, २५५, ० असेच राहतात, पण आता तो त्या अवकाशातला टोकाचा हिरवा ठरतो, पहिल्यापेक्षा कितीतरी भडक. लालाचं तर आणखी मजेशीर आहे. लालाची जात दोन्हीकडे एकच, तरी २५५, ०, ० चे २१९, ०, ० होतात, कारण अ‍ॅडोबी आरजीबीत पूर्ण लाल जास्त उजळ धरलेला आहे.

म्हणून माझं मत: असाइनला ‘प्रोफाइल लावणे’, कन्व्हर्टला ‘रूपांतर करणे’. ‘बदलणे’ दोन्हीकडून काढून टाका.

प्रतिसाद: ‘लावणे’ला माझाही पाठिंबा, अनुभवाने. अ‍ॅडोबी आरजीबीत काढलेल्या पानाफुलांच्या फोटोंमधून साठवताना प्रोफाइल गळून गेलं होतं. बिनचिठ्ठीचे आकडे एसआरजीबीचे समजून वाचले गेले आणि सगळी पानं विटकी दिसू लागली. मी एकेका फोटोत हिरवा वाढवत बसलो. खरं तर मूळ प्रोफाइल पुन्हा लावलं असतं की काम झालं असतं. अशा वेळी चुकीच्या समजावरच रूपांतर केलं, तर तो विटकेपणा आकड्यांतच उतरतो. दोन क्रियापदं वेगळी असती तर मी योग्य आज्ञेकडे गेलो असतो.

‘रंगावकाश’ मात्र मला खटकतो. ‘अवकाश’ म्हटलं की वाचकाला ग्रहतारे आठवतात, नाहीतर ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’. सरळ ‘रंगपल्ला’ का म्हणू नये?

उत्तर: ‘पल्ला’ सुंदर आहे, पण तो गॅमटसाठी, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांच्या व्याप्तीसाठी, राखून ठेवू या. गॅमट हा शब्दही मुळात संगीतातल्या स्वरांच्या विस्ताराचा आहे, आणि आपण आवाजाचा पल्ला म्हणतोच. पल्ला म्हणजे कुठवर पोहोचता येतं ते. तो छपाईयंत्राला असतो, पडद्यालाही असतो. आरजीबीच्या रंगावकाशात त्याहून जास्त ठरवलेलं असतं: तीन मूलरंग नेमके कोणते, पांढरा कोणता, आणि आकडा वाढला की उजेड कोणत्या हिशेबाने वाढतो. गणितात ‘सदिश अवकाश’ रुळला आहे, तसा हाही रुळेल.

नुसतं ‘आरजीबी’ हे मात्र कुठल्या एका अवकाशाचं नाव नाही. तीन आकड्यांत रंग सांगायची ती पद्धत झाली. हिरवा म्हणजे कोणता हिरवा, ते एसआरजीबी (१९९६), अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८), प्रोफोटो आरजीबी यांनी आपापलं ठरवलं.

प्रश्न: मग ‘मोठ्या रंगावकाशात जास्त रंग मावतात’ हे माझं वाक्य बरोबर ना?

उत्तर: ‘जास्त दूरचे रंग’ म्हणा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ जोडण्या. अवकाश कुठलाही घ्या, ही संख्या तीच राहते. पल्ला वाढला की पायऱ्या लांब लांब पडतात आणि हलक्या उतरत्या छटांमध्ये, आकाशात विशेषतः, पट्टे दिसू शकतात. म्हणून प्रोफोटोसारख्या ऐसपैस अवकाशात १६ बिटमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त पायऱ्या ठेवून, काम करतात. त्यातले काही आकडे तर डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या, निव्वळ हिशेबातल्या रंगांचे आहेत.

आणि सॅच्युरेटेडला, म्हणजे जराही फिकेपणा नसलेल्या रंगाला, ‘गडद’ लिहिलं असेल तर तेही बदला. गडद म्हणजे काळपटाकडे झुकलेला. इथे ‘संपृक्त’ घ्या. बोलताना ‘भडक’ चालतो, पण त्यात नापसंती येते.

प्रश्नकर्ती: वाक्यं अशी केली: ‘प्रोफाइल लावल्याने आकडे तेच राहतात, रंग वेगळे दिसतात. रूपांतर केल्याने आकडे बदलतात, रंग तेच राहतात.’

उत्तर: दुसऱ्या वाक्यात ‘नव्या अवकाशाच्या पल्ल्यात असतील तर’ एवढं घाला. १४४, २५५, ६० परत एसआरजीबीत सुखरूप येतो, कारण तो तिथलाच आहे. अ‍ॅडोबी आरजीबीतला ०, २५५, ० मात्र एसआरजीबीत मावत नाही. तो जवळच्या हिरव्यावर आणून बसवला जातो आणि पुन्हा उलटं रूपांतर केलं तरी मूळ रंग परत मिळत नाही.